जेलमधल्या 'रायटर'च्या वह्या टाइप करतोय, आणि एका पानावर अडलोय

खिळेजुळारी

नागपूरच्या महाल भागात माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, मी कीबोर्ड बडवतो. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, पीएचडीवाल्यांचे प्रबंध, निवडणूक लागली की पत्रकं. साहित्याशी आपला संबंध शुद्धलेखनापुरता.

दिवाळीच्या आधी एक गृहस्थ वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. पन्नाशीचे. लकडगंजात एका फर्निचरवाल्याकडे सुतारकाम करतात. अक्षर असं की टाइप करायचं जिवावर यावं, इतकं सुंदर. प्रत्येक पानाला समास, वर उजवीकडे तारीख, खाली सही. मी म्हटलं, भाऊ, कोर्टात कामाला होते काय? हसले. म्हणाले, "कोर्टात नाही जी. जेलमध्ये. रायटर होतो."

मला वाटलं लेखक. तसं नाही. जेलात रायटर म्हणजे लिहिता-वाचता येणारा कैदी, जो बाकीच्यांचे अर्ज, पत्रं, अपिलाचे कागद लिहून देतो. खुनात जन्मठेप झालेली. गाव ब्रह्मपुरीकडचं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून भांडण, मरणारा चुलतभाऊ. नागपूर सेंट्रल जेलात सोळा वर्षं काढली. आत गेले तेव्हा सातवी पास होते. दहावी आतून, मुक्त विद्यापीठातून बीए आतून, आणि सुतारकामही तिथल्याच कारखान्यात शिकले.

पहिला अर्ज कसा लिहिला ते त्यांनी सांगितलं, ते इथं लिहितोच. बराकीतल्या एका पोराची आई मरणाला टेकली होती. त्याचा पॅरोलचा अर्ज तीनदा नामंजूर झालेला. तिन्ही वेळी लिहिलं होतं, 'आई आजारी आहे.' यांनी त्याला बसवून विचारलं, आई कोणत्या खोलीत झोपते, पाणी कोण देते, दवाखाना किती दूर, एस्टी किती वाजता असते. तेच सगळं लिहिलं. मंजूर झाला. मग रांग लागली. मोबदला साबणाची वडी, बिडीबंडल, नाहीतर काहीच नाही. मला म्हणाले, "साहेब लोक 'आजारी' वाचून वाचून थकले राहते जी. पानी कोन देते ते लिवा."

आता मुद्द्याचं. वह्यांमध्ये झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीचं, तीन अंकी नाटक आहे. धुऱ्याचं भांडण आहे, खून आहे, जेल आहे. भाषा जबरदस्त. पण नाटकात पावसाच्या रात्री झटापट होते, चुलतभावाचा पाय घसरतो आणि तो कुऱ्हाडीवर पडतो. नायक निर्दोष, व्यवस्थेनं अडकवलेला.

आणि खरं काय घडलं ते त्यांनीच मला चहा पिता पिता सांगितलं होतं. भांडण झालं, ते घरी गेले, कुऱ्हाड घेतली, परत आले. तीन घाव.

दुसऱ्या अंकाच्या त्या पानावर माझे हात थांबले आहेत. टाइपवाल्यानं बोलावं का? मजुरी घ्यावी, गप बसावं?

सावजी_रस्सा

वाल्याचा वाल्मीकी झाला भाऊ! सलाम. तू गप टाइप कर बे, काऊन भानगडीत पडून राहिला.

बर्डीचा_बाळ्या

सात वह्या आहेत का? सात रांजण, सात वह्या, बातमी तयार.

खिळेजुळारी

सहा आहेत. सातवी निघाली ती लाकडाच्या हिशोबाची.

ग्रंथकीटक

आपल्याकडे तुरुंगातल्या लेखनाची परंपरा मोठी आहे हे विसरू नये. टिळकांचं 'गीतारहस्य' मंडालेचं. १९३२ साली धुळ्याच्या जेलात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत, त्याचंच 'गीता प्रवचने' झालं. 'श्यामची आई' नाशिकच्या जेलात १९३३ मध्ये लिहिली गेली. आणि आपल्या नागपूरच्या जेलात १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात विनोबा होते, १९४२ मध्ये तुकडोजी महाराज होते. रहाटे कॉलनी चौकातून जाताना ती भिंत दिसते तेव्हा मला हे नेहमी आठवतं. तुमच्या रायटरनंही त्याच भिंतीआड वही धरली. त्याला प्रोत्साहन द्या.

नाही_पटत

ग्रंथकीटक, या यादीचा इथं काही उपयोग नाही. ती सगळी राजबंदी माणसं. त्यांनी कोणाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली नव्हती, आणि ती आत गेली तेव्हा बाहेर लोक त्यांच्या नावानं जयजयकार करत होते. मराठीत तुरुंग म्हटलं की आपल्याला फक्त हीच मंडळी आठवतात. ३०२ वाल्याचं कपाटच नाही आपल्याकडे. म्हणून तो बिचारा नाटकात स्वतःला राजबंदी करून घेतोय, व्यवस्थेनं अडकवलेला वगैरे.

माझा एकच प्रश्न आहे. धुऱ्यापासून घर किती लांब होतं? जाऊन यायला किती वेळ लागला? नाटकात नेमका तेवढाच वेळ गाळलाय. तो गाळला तर बाकी तीन अंक कशाला बघायचे?

निवृत्त_पेन्शनर

मी कारागृह खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली, कुठल्या जेलात ते विचारू नका. दोन गोष्टी सांगतो.

रायटर म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळणार नाही. संध्याकाळी बराक बंद झाल्यावर माणसाला दोनच गोष्टी असतात, मुलाकतीची वाट आणि अर्जाची वाट. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र कार्यालयात वाचलं जातं, त्यामुळे कैदी मोजून लिहितो. चांगला रायटर असला की बराकीतली निम्मी भांडणं कमी होतात, हे मी पाहिलंय. कारण माणूस चिडला की त्याच्याकडे जातो आणि म्हणतो, लिही. लिहून होईपर्यंत राग उतरतो. अर्ज कुठं जातही नाही कधी कधी.

दुसरी गोष्ट. आतमध्ये प्रत्येक जण निर्दोष असतो. तीस जणांच्या बराकीत विचारा, पाय घसरलेले पंचवीस सापडतील. ते खोटं सवयीचं होतं. अपिलात तेच सांगायचं असतं, वकील तेच सांगतो, घरचे तेच सांगतात. इतकी वर्षं एकच गोष्ट सांगितल्यावर माणूस नाटकात दुसरी कुठून आणणार? तुमच्या भाऊंनी तुम्हाला चहावर खरं सांगितलं, हेच मला जास्त वाटलं.

पेपरात कैद्यांवर छापून येतं ते मी फार मनावर घेत नाही. भजन म्हटलं की सुधारला, परीक्षा दिली की सुधारला. परीक्षेला माफीचे दिवस मिळतात हो, ते पण लक्षात घ्या. तरी सांगतो, दिवस मिळवायला बसलेली काही पोरं नंतर दिवस विसरून वाचत बसायची.

तणसावरचा_प्रेक्षक

मी वडशाचा, नोकरीला नागपुरात. झाडीपट्टीची गोष्ट निघाली म्हणून लिहितो, कारण इथं बऱ्याच जणांना वाटत असेल की हे गावजत्रेतलं हौशी नाटक आहे.

धान निघालं की आमच्याकडे नाटकं सुरू होतात. भाऊबीज, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, सगळा धानपट्टा. वडशाला कंपन्यांची कार्यालयं आहेत, बाहेर नाटकांचे बोर्ड, गावोगावचे लोक येऊन ठरवून जातात. रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात रंगमंच, पुढं तणस (धानाचा पेंढा) टाकून हजारो माणसं, रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. स्त्री कलाकार नागपूर, पुण्यामुंबईकडून येतात. २०२३ साली आमच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. तेव्हा कुठं पुण्यामुंबईच्या लोकांना पत्ता लागला.

आता तुमच्या नाटकाचं. कंपनीवाला त्यांना नक्की म्हणाला असेल की नायक खुनी चालत नाही, हिरोईनचं गाणं कोणासोबत टाकू? तो धंद्याचा माणूस आहे, त्याला दोष नाही. पण माझं वेगळं म्हणणं आहे. ब्रह्मपुरीकडचा माणूस, धुऱ्याचा खून. आमच्याकडे प्रेक्षक नाटक बघायला येताना पंचक्रोशी सोबत घेऊन येतो. दुसऱ्या अंकात पाय घसरला की मागून कोणीतरी ओरडेल, "घसरला नाही, मारला!" नाव बदललं तरी ओरडेल. आणि त्या बांधीत कोण कोण बसलेलं असेल याचा विचार केलाय का त्यांनी? चुलतभावाच्या घरचे नसतील का?

खिळेजुळारी

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चुलतभावाची बायको त्याच गावात आहे. भाऊ सुटल्यानंतर गावात राहायला गेले नाहीत, त्याचं कारणही तेच. नागपुरातच राहिले. सुटल्यावर आलेल्या पहिल्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर तीन दिवस नुसते उभे होते म्हणाले. शेवटच्या दिवशी एका स्टॉलवाल्यानं खोके उचलायला बोलावलं, मजुरी म्हणून पुस्तकं मागितली. त्यातली काही आता माझ्या दुकानात आहेत, वाचून आणून देतात.

रानजाई

दोन दिवस हा धागा वाचतेय. लिहावं की नाही कळत नव्हतं.

माझ्या मामाचा खून झाला तेव्हा मी नववीत होते. शेतीवरूनच. ज्यानं केला तो सुटून आला, आता त्याचं किराणा दुकान आहे. त्याच्या दुकानावरून जाताना आई अजून रस्ता ओलांडून पलीकडून जाते. त्यानं काही लिहिलेलं नाही, ही माझ्यापुरती चांगली गोष्ट आहे.

वर कोणीतरी वाल्या कोळ्याचं म्हटलं. ती गोष्ट आपण सगळे शाळेत ऐकतो. एक माणूस मारला की रांजणात एक खडा. सात रांजण भरले. मग नारद भेटले, तप केलं, वारूळ झालं, रामायण झालं. मला लहानपणी ही गोष्ट आवडायची. मामा गेल्यानंतर आमच्या बाईंनी ती पुन्हा वर्गात सांगितली आणि मी उठून बाहेर गेले. कारण माझा मामा त्या गोष्टीत फक्त एक खडा होता. त्या खड्याला नाव नाही, बायको नाही, त्याची गाय कोणी सांभाळली ते नाही. सगळी गोष्ट वाल्याची.

खिळेजुळारी, तुम्ही विचारलंत बोलावं का. मला त्या माणसानं लिहू नये असं वाटत नाही. पाय घसरला की तीन घाव, तेही त्याचं तो बघो. तुम्ही टाइप करताय तर मला एवढंच सांगा, त्या नाटकात चुलतभावाच्या बायकोला किती वाक्यं आहेत?

खिळेजुळारी

रानजाई ताई, पानं उलटून मोजली. तिला वाक्य नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी एकदा 'आतून रडण्याचा आवाज' एवढंच आहे.

सावजी_रस्सा

वरचं वाल्मीकीचं मीच लिहिलं होतं. ताई, माफ करा. सहज लिहून गेलो.

काळाकोट_हिवाळी

वकील आहे, हायकोर्टात. कायद्याचं थोडं बोलतो, कारण पुढे तो विषय येईलच.

पहिलं, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा गैरसमज. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. खुनासारख्या गुन्ह्यात किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकार सुटकेचा विचार करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. यांनी सोळा काढली, म्हणजे चौदानंतर लगेच सुटले नाहीत.

दुसरं, लिहिण्याचा हक्क. १९६५ साली सुप्रीम कोर्टापुढे आपल्याच महाराष्ट्राचं प्रकरण गेलं होतं. प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते, त्यांनी आत अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिलं. सरकार हस्तलिखित बाहेर पाठवू देईना. कोर्टानं सांगितलं, पाठवा, स्थानबद्धतेच्या अटींत हे अडवायची तरतूदच नाही. मग १९९४ चा ऑटो शंकर खटला. तमिळनाडूतला फाशीचा कैदी, त्यानं तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं. कोर्टाचं म्हणणं असं की कोर्टाच्या कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं असेल तर छापायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यापलीकडे जाऊन दुसऱ्याच्या खाजगी आयुष्यात शिरलात तर ती जबाबदारी तुमची.

हे इथं लागू करा. तीन घाव निकालपत्रात असणार, ती सार्वजनिक नोंद. चुलतभावाची बायको घरात काय बोलली, काय रडली, ती तिची गोष्ट. रानजाई ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, पण तिला वाक्यं द्यायची म्हणजे ती कोण देणार? ज्यानं तिचा नवरा मारला तो? हेही एक प्रकारचं घुसणंच की.

नाही_पटत

वकीलसाहेब, हा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. मी माझा मागे घेत नाही, पण बाजूला बसतो.

निवृत्त_पेन्शनर

एक सुचतं. पॅरोल किंवा फर्लोच्या, म्हणजे रजेच्या अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवतात. त्यात गावात विचारतात, फिर्यादी पक्षाची हरकत आहे काय. तो कागद भाऊंनी पाहिला असेल. नामंजुरीच्या आदेशात कारण लिहिलेलं असतं.

खिळेजुळारी

काल दुकान बंद केल्यावर भाऊंना तुमचं सगळं वाचून दाखवलं. परवानगी न घेता धागा काढल्याबद्दल आधी मला बोलणी बसली, ती रास्त होती. मग म्हणाले वाचा. सगळं ऐकून घेतलं. रानजाई ताईंची पोस्ट परत वाचायला लावली.

नाही_पटत यांच्यासाठी: धुऱ्यापासून घर पंधरा मिनिटांवर. जाऊन येऊन अर्धा तास. मध्ये एक नाला. घरी पोचले तेव्हा बायको भाकरी थापत होती, तिनं विचारलं जेवता काय. हे म्हणाले, येऊन जेवतो. हे मला सांगताना त्यांनी खर्ऱ्याची पुडी उघडली आणि न खाताच परत बांधली. म्हणाले, "तो अर्धा घंटा लिवता येते मले. लिवलाच नाही, कारन मंग पुढचं काहीच उरत नाही. येऊन जेवतो म्हटलं ना जी."

मी बाईचा विषय काढला. खूप वेळ गप्प. मग जे बोलले ते माझ्या शब्दांत सांगतो. आत असताना त्यांनी कोणाकोणासाठी लिहिलं याचा हिशोब नाही. आईच्या तोंडचं लिहिलं, बायकोच्या, सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडचंही. ज्याचा अर्ज त्याला विचारून लिहायचं, हा नियम कधी मोडला नाही. न विचारता एक शब्द घातला नाही. आता हिला कोणत्या तोंडानं विचारणार? आणि न विचारता लिहिलं तर रायटर कसला?

मी म्हटलं, तिचं काहीच बोलणं तुमच्याकडे नाही? पेन्शनर काकांची पोस्ट दाखवली.

हो म्हणाले. आहे.

आज प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन आले. त्यांच्या पहिल्या रजेच्या अर्जाचा नामंजुरी आदेश. वडील वारले होते तेव्हाचा. त्यात टाइप केलेली एक ओळ आहे. 'मयताची पत्नी हिची सदर बंद्यास रजेवर सोडण्यास तीव्र हरकत आहे.' इतक्या वर्षांत तिच्या नावे त्यांच्यापर्यंत पोचलेलं एवढंच वाक्य.

तणसावरचा_प्रेक्षक

मयताची पत्नी हिची. आमच्या बांधीत मध्यरात्री दोन वाजता ही ओळ कोणी नुसती उभं राहून म्हटली, तर कंपनीवाला गाणं विसरेल.

रानजाई

वडील वारले आणि त्यांना जाता आलं नाही. ते वाईट वाटलं वाचून. आणि तिनं हरकत घेतली ते बरं वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, काय करू.

काळाकोट_हिवाळी

आदेशातली ओळ वापरायला अडचण नाही. बाईचं नाव मात्र कुठेही नको, गावाचंही नको.

ग्रंथकीटक

माझी वरची यादी घाईची होती. लिहून टाकतो, म्हणजे मनात राहणार नाही.

बर्डीचा_बाळ्या

अपडेट दे ना बे. आठवडा झाला.

खिळेजुळारी

काम चालू होतं. अपडेट देतो.

दुसरा अंक भाऊंनी नवा लिहून आणला. पाय घसरत नाही. अर्ध्या तासाचा प्रवेश आहे, नाला आहे, भाकरी आहे, 'येऊन जेवतो' आहे. कुऱ्हाडीचा घाव रंगमंचावर दाखवलेला नाही, विंगेतही नाही. जेलातल्या प्रवेशात हा सगळ्यांचे अर्ज लिहितो, मंजूर झालेले कैदी एकेक करून आनंदानं निघून जातात. शेवटी स्वतःचा अर्ज. तिथं एक बाई येते, आदेशातली ती ओळ म्हणते आणि जाते. तिला नाव नाही. पात्रयादीत 'मयताची पत्नी' असंच लिहिलंय. तिच्या तोंडी दुसरं काही नाही.

कंपनीवाल्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, या हंगामाच्या तारखा भरल्यात, पुढच्या दिवाळीनंतर बघू. दुसरी, एवढ्याशा एका ओळीसाठी नागपूरहून बाई आणायला परवडत नाही, तिला जरा पाच-सहा पानं वाढवा, एखादा विलाप टाका. भाऊ नाही म्हणाले. मग तो म्हणाला, ठीक आहे, हिरोईनच साडी बदलून येईल. त्यावर भाऊंनी अजून उत्तर दिलेलं नाही. लकडगंजात कुणाच्या तरी लग्नाचा पलंग करून राहिले, तो संपला की सांगतो म्हणाले.

मला एक शुद्धलेखनाची शंका आहे. आदेशात 'मयताची पत्नी हिची' असं आहे, मी प्रूफात 'मयताच्या पत्नीची' केलं होतं. भाऊंनी लाल पेनानं खोडून परत जसंच्या तसं केलं. समासात लिहिलंय, 'मूळ कागदाप्रमाणे ठेवावे.' खाली सही आणि तारीख.